नावाआधीचं अक्षर

"बोट कलंडली तेव्हा डेकवर आमचे उखाणे चालले होते," उज्वलाताई म्हणाल्या आणि थांबल्या. इथे हशा येतो, हे त्यांना सहा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. हशा आला.

इंदिरानगरच्या त्या सभागृहात शंभरेक बायका होत्या. मागच्या फलकावर 'लाटांशी झुंज' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी छापलेली बोट मासेमारीची होती. उज्वलाताईंचं हे एकेचाळिसावं व्याख्यान. बुडण्याआधी त्या एका मोठ्या द्राक्ष निर्यातदाराची बायको, तीन मंडळांच्या अध्यक्ष आणि प्रत्येक उद्घाटनाच्या फोटोत डावीकडून दुसऱ्या होत्या. बुडून वाचल्यावर त्या मधोमध आल्या.

बोटीवर अविश्वास दाखवावा असं त्यांच्या घरात कधी काही घडलं नव्हतं. शेखररावांची द्राक्षं पिंपळगावहून निघून दरवर्षी समुद्रमार्गे युरोपला जात आणि एकही मणी न सुरकुतता पोहोचत. त्या मार्चमध्ये माल ऐन भरात होता म्हणून शेखररावांनी परदेशातल्या बोटीच्या सहलीला जायचं रद्द केलं आणि त्यांच्या जागी उज्वलाताईंच्या थोरल्या जाऊबाई गेल्या, लंकाबाई; उज्वलाताई त्यांना आक्का म्हणत. त्यांनी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गंगापूर धरण. परत आल्या त्या एकट्या उज्वलाताई. बोटीच्या कंपनीच्या यादीत लंकाबाईंच्या नावापुढे 'बेपत्ता' असं होतं.

व्याख्यानाचा शेवट ठरलेला असे. आवाज खाली आणत उज्वलाताई म्हणाल्या, "आक्का मला म्हणाल्या, 'उज्वला, तू जा. घरी सांग, माझी वाट बघू नका.'" इथे रुमाल निघत. निघाले.

शेवटच्या रांगेतल्या एका मुलीचा निघाला नाही. ती लंकाबाईंची लेक वैष्णवी.

कार्यक्रमानंतर ती काकूंच्या घरी आली. उज्वलाताईंच्या घरातली फरशी सहा वर्षांपासून दुपारच्या वेळी हलत असे. डॉक्टर म्हणाले, कानाचा दोष आहे. शेखररावांनी फरशी बदलून दिली. नवी फरशीही हलायला लागली, पण इटालियन असल्यामुळे जरा डौलात. पडदे फुगत, भिंतीवर उजेडाच्या लाटा सरकत, आणि उज्वलाताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसत.

वैष्णवीने स्वतःच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना पुढे ठेवला. वडिलांच्या नावाशेजारी आईचं नाव होतं, 'सौ. लंकाबाई'. छापखानेवाला रोज विचारत होता, सौ.च्या आधी कै. टाकायचं ना? तिचे वडील, आप्पा, टाकू देत नव्हते. घरातल्या फोटोलाही त्यांनी हार घालू दिला नव्हता, आणि दर चौऱ्याऐंशी दिवसांनी ते बायकोच्या मोबाइलचा रिचार्ज मारत. परवापर्यंत पत्रिका छापायला द्यायची होती.

"काकू, आई खरं काय म्हणाली?"

"आत्ता ऐकलंस ना."

"ऐकलं. पण आई तुम्हाला उज्वला कधी म्हणाली? उजे म्हणायची. अन् भाषणासारखं ती त्या वेळी तरी कशाला बोलेल?"

उज्वलाताईंनी नजर हलणाऱ्या फरशीवर ठेवली. मग त्यांनी सांगितलं, कुठेही न थांबता.

दुपारचे तीन वाजले होते. बोट तिरकी होती, पण समुद्र साय धरलेल्या दुधासारखा निवांत होता. कुणी बुडेल असं त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं. खलाशी बायकांना सुटकेच्या छोट्या होडीत बसवत होते. लंकाबाईंनी होडीत पाय टाकण्याआधी चपला काढल्या, परक्याच्या घरात शिरताना काढतात तशा, आणि कठड्याशी नीट जोडून ठेवल्या. नव्या होत्या, उज्वलाताईंनीच मेन रोडवरून घेऊन दिलेल्या. दोघी बसल्या. भीतीने काहीतरी बोलायचं म्हणून उज्वलाताई बोलल्या, "आक्का, चपला राहिल्या की तुमच्या."

लंकाबाई उठल्या. "येते," म्हणाल्या.

उज्वलाताईंनी त्यांच्या जागेवर रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा. खलाशी एका म्हातारीला तिथे बसवू लागला, तर त्याला त्यांनी चक्क मराठीत सांगितलं, इथे आमची बाई येणार आहे. तेवढ्यात बोट आणखी झुकली, वरचे दोर सुटले, होडी खाली पाण्यात गेली आणि म्हातारी रुमालावर बसली.

"येते म्हणाल्या आक्का," उज्वलाताई म्हणाल्या. "आप्पांना हे कसं सांगायचं? जन्मभर वाट बघत बसतील. म्हणून मी ते दुसरं वाक्य केलं."

केलं आप्पांसाठी, पण पुढे ते सगळ्यांनाच आवडलं.

"मग आता त्यांना सांगा. आजच चला," वैष्णवी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मनमाडला व्याख्यान होतं. तिथे काय बोलायचं, हा विचार उज्वलाताईंच्या मनात आधी आला. त्याची त्यांना लाज वाटली, पण आला. मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

हायवेवर ऊन पाण्यासारखं साचलं होतं. समोरचे टेम्पो त्यात चाकांपर्यंत, मग हौद्यापर्यंत बुडत आणि पुढे कोरडेच निघत. उज्वलाताई एकेक मोजत राहिल्या. सगळे निघाले.

बहिरूआप्पा पिंपळगावच्या मळ्यात, शेडमध्ये क्रेटवर बसले होते. बागेची छाटणी होऊन गेली होती. उज्वलाताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मी बोलले म्हणून त्या उठल्या, हेही सांगितलं.

धाकट्या भावाच्या बायकोशी आप्पा थेट बोलत नसत. ते वैष्णवीकडे बघून म्हणाले, "काकूला इचार, येतेच म्हणली ना?"

"हो," उज्वलाताई म्हणाल्या.

"मंग बरोबर हाय. बाईमानूस निघताना जाते म्हनत नाय. माहेरी निघाली तरी येते, दवाखान्यात निघाली तरी येते. म्हंजे सांगून गेली."

"तुम्ही वाट बघत बसाल असं वाटलं, आप्पा."

आप्पा पुन्हा वैष्णवीकडेच वळले. "काकूला म्हनावं, त्या वाक्यापायीच तर बसलो. त्ये तुझ्या आईचं नव्हतंच. मला वाटायचं, ही दुसऱ्याच कोन्या बाईचं सांगती. बुडाली ती दुसरी. आपली आसंल कुठंतरी."

उज्वलाताई शेजारच्या क्रेटवर बसल्या. क्रेट हलत नव्हता.

आप्पांनी पत्रिका मागितली. चष्मा पुसला, परत लावला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता, तो उज्वलाताईंनी दोन्ही हातांनी दाबून धरला. आप्पांनी सौ. खोडलं नाही. त्याच्याआधी उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात कै. लिहिलं, पुढे टिंब दिलं. मग पेनाला टोपण लावायला लागले, तर ते बराच वेळ बसेना.