कनातीचं घर

भावाचा मांडवाचा धंदा. दुसऱ्यांच्या लग्नाला, सभेला बांबू आणि कापडाचं गाव उभं करायचं, काम आटोपलं की गुंडाळून टेम्पोत टाकायचं, यात त्याचा जन्म गेला. त्यामुळे स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा कागदावरच्या रेघांवर त्याचा काही केल्या भरवसा बसेना.

"कागदावर काय, राजवाडासुद्धा मावतो," तो म्हणाला. "आपण घर आधी कापडात उभं करू. दिवसभर राहून बघू. खुंट्या ठोकू, आणि मगच गवंड्याला बोलावू."

बायकोने कपाळाला हात लावला. पोरं मात्र नाचायला लागली. आणि आत्या, म्हणजे भावाची थोरली बहीण, उसवलेल्या कनाती शिवायला बसली. भावाच्या धंद्यातलं शिवणकाम सगळं तिच्याच मशीनवर व्हायचं.

नवरा गेल्यावर आत्या भावाकडे आली, तेव्हा थोरली भाची रांगतही नव्हती. भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं. सगळ्यांची जेवणं, उष्टं-खरकटं आवरलं की स्वयंपाकघरात तिचं अंथरूण पडायचं आणि सकाळी पहिल्या चहाच्या आधी गुंडाळलं जायचं. एखाद्या दिवशी अंगात कणकण असली तरी पडून राहायची सोय नाही. कुणी ना कुणी पाय ओलांडून पाणी प्यायला यायचंच. जागा घेतली त्या दिवशी भाऊ आपणहून म्हणाला होता, "ताई, मागच्या बाजूची खोली तुझी. दाराला आतून कडी." त्यावर ती नुसती "बघू" म्हणाली. पण तेव्हापासून मशीन चालवता चालवता ती मनातल्या मनात ती कडी लावून बघत असे.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच जागेवर बांबू रोवले गेले. दोघा गड्यांनी कनाती ताणल्या. भावाने मधोमध उभं राहून हुकूम सोडला, "आज घर पोरांचं. या घरात जास्त वर्षं तीच काढणार आहेत. ती सांगतील तशा भिंती सरकवायच्या. मोठ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. काय गं?"

"मी कधी बोलते?" बायको म्हणाली, आणि गडी तोंड फिरवून हसले.

थोरली बारा वर्षांची, पण तिच्या तोऱ्यामुळे घरात सगळे तिला कलेक्टरीण म्हणत. तिने आपल्या खोलीत चार पावलं टाकली आणि नाक मुरडलं. "इथे टेबल ठेवल्यावर मी काय भिंतीवर झोपू? सरकवा."

भिंत मागच्या खोलीकडे सरकली. बांबू धरायला आत्याच पुढे झाली. कापड कुठे ताणायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

मधला मुलगा भोंगा. त्याला हळू बोलता येतच नव्हतं. "मला घसरगुंडी पाहिजे! वरून निघायची ती थेट स्वयंपाकघरात!"

"अरे, वरचा मजलाच नाही आपल्याला," भाऊ म्हणाला.

"मग खोली तरी मोठी द्या! बॉल टाकला की लगेच भिंतीला लागतोय!"

"ज्याला त्याला ओरडून मिळतं इथे," कलेक्टरीण म्हणाली.

"तू नाक मुरडून घेतलंस ना? मी ओरडून घेतो!"

तीही भिंत मागेच सरकली, कारण पुढच्या बाजूला रस्ता होता. डावीकडे शेजाऱ्याची हद्द, उजवीकडे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला वहिनी, म्हणजे भावाची बायको, हात लावू देत नव्हती. सरकण्यासारखी बाजू एकच उरत होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. मागच्या खोलीतून कुणी ओरडत नव्हतं, एवढंच.

धाकटी मुंगी मात्र आधी कापडाच्या सगळ्या खोल्या फिरून आली. शेवटी ती म्हणाली, "मला लपायची खोली पाहिजे."

"म्हणजे?"

"जिथे कुणीच नसतं अशी. मी रुसले की तिथे जाणार. तिथे कुणी हाक मारायची नाही."

सगळे हसले. आत्याला मात्र हसू आलं नाही. पाच वर्षांच्या पोरीला जे धडधडीत मागता आलं, ते आपल्या ओठांवर एवढ्या वर्षांत एकदाही आलं नाही. तिने वाकून मुंगीच्या खोलीचा बांबू उचलला आणि स्वतःच मागे नेऊन रोवला.

दुपारी कापडाच्या स्वयंपाकघरात डबे उघडले. कापडाला कान असतात आणि तोंडही. आत्या मागे पाण्याची कळशी भरत होती, आणि पलीकडून पोरांची बोलणी जशीच्या तशी ऐकू येत होती.

"आत्या माझ्या खोलीत झोपेल. सकाळी उठवायला बरं."

"हट्! माझ्या खोलीत! मला अंधाराची भीती वाटते!"

"तुला भीती वाटते हे सगळ्या गल्लीला कळलं."

"लपायच्या खोलीत नको. तिथे कुणीच नको."

पाठोपाठ वहिनीचा समजुतीचा आवाज आला. "भांडू नका. आत्या आळीपाळीने झोपतील."

कळशी भरून वाहायला लागली तरी आत्याने नळ बंद केला नाही.

उन्हं कलली तसा भाऊ खुंट्या आणि हातोडा घेऊन आला. "चला, ज्याने त्याने आपापल्या खोलीत उभं राहा! जिथे माणूस तिथे खुंटी. उद्या गवंडी येतोय."

कलेक्टरीण तिच्या खोलीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भोंगा दोन्ही हात पसरून गोल गोल फिरला. मुंगी आपल्या लपायच्या खोलीत जाऊन खाली बसली. वहिनी चुलीच्या जागी उभी होती. आत्या मागच्या खोलीत गेली. दोन्ही खांद्यांना कापड लागत होतं. तिथे खाट आडवी बसली नसती की उभी. नीट पाहिलं तर ती खोली उरलीच नव्हती. परसात जायची बोळकांडी तेवढी शिल्लक होती.

हातोड्याचे आवाज जवळ जवळ येत तिच्यापाशी थांबले. भावाने कापड बाजूला केलं आणि तो तसाच उभा राहिला. हिशेब कुठे चुकला ते त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"अगं ताई... सकाळपासून बांबू तूच धरत होतीस. बोलली नाहीस?"

"मोठ्यांनी बोलायचं नव्हतं."

"थांब, सरकवतो. ए पोरांनो! आत्याला जागा द्या जरा!"

मग एकच गडबड उडाली. कलेक्टरिणीने वीतभर जागा दिली. भोंगा म्हणाला, "माझी घसरगुंडी गेलीच आहे, आता खोली पण न्या!" मुंगीने रडायला सुरुवात केली. वहिनी म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातलं घ्या हवं तर," पण जागची हलली नाही. आत्या मधोमध उभी राहून सगळ्यांकडे बघत होती. पोरांचा राग तिला येईना. त्यांना घर विचारलं होतं, त्यांनी घर सांगितलं. त्या घरात तिला उचलून कुठेही ठेवता येत होतं, कंदिलासारखं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला खुंटी नको. मी जुन्या भाड्याच्या जागेतच राहीन. मालकाशी बोलते. मशीनही तिथेच आहे."

"रागावलात?" वहिनीने विचारलं.

"नाही गं."

"मग लोक काय म्हणतील?" भाऊ म्हणाला. "बहिणीला मागे टाकून गेला म्हणतील."

"तू टाकून कुठे चाललायस? मी राहतेय."

मुंगी डोळे पुसत बाहेर आली. "मग मला गोष्ट कोण सांगणार?"

"तू यायचंस तिकडे. पण दार वाजवून यायचं हं."

भाऊ बराच वेळ हातातली खुंटी फिरवत राहिला. मग त्याने ती खिशात टाकली आणि गड्यांना खूण केली. एकेक बांबू निघाला. खोल्या एकमेकींत मिसळल्या, आणि बघता बघता सगळी मोकळी माती उरली. पोरं टेम्पोत चढून पुढच्या जागेसाठी भांडू लागली.

लांब कनातीची घडी एकट्याला घालता येत नाही. भावाने एक टोक धरलं, आत्याने दुसरं. कापड ताणून ते एकमेकांकडे चालत आले, टोकाला टोक लावून पुन्हा मागे गेले.

"अजून विचार कर, ताई," जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला.

"नीट धर. लोळतंय मातीत," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली.