थोरलीने मोडलेली ओटी

"दोन जिवांच्या बाईला थंडी वाजून ताप आला, तर दिवस काढायचा नाही. तडक घेऊन यायचं. गावात सांगाल ना?"

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं इंदूबाईंना पोथी वाचता वाचता आठवलं. तेव्हा डायलिसिसच्या मशीनला जखडलेला हात न हलवता त्यांनी "सांगेन" म्हटलं होतं. आता भिंतीपलीकडे त्यांची धाकटी जाऊ समीक्षा गोधडी मागत होती, तीही भर चैत्रात.

घराचे दोन भाग झाले, तेव्हा घातलेली भिंत आढ्यापर्यंत गेली नव्हती. पलीकडचं सगळं ऐकू येई. सासू, पुतळाबाई, सुनेला समजावत होत्या की ही उन्हाळी आहे, लघवीची आग धने भिजवलेल्या पाण्याने थांबेल, आता बायका ओटी भरायला येतील. सातव्या महिन्याची ती ओटी. इंदूबाईंना बोलावणं नव्हतं.

त्यांच्याही सातव्यात धने भिजवलेलं पाणीच झालं होतं. मग हुडहुडी भरली. बाळ गेलं, पाठोपाठ दोन्ही मूत्रपिंडं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळंतपणात बाई रक्त जाऊन दगावू नये म्हणून गरोदरपणी रक्त लवकर गोठतं. पण जंतूंचं विष त्यात मिसळलं, की तेच रक्त मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गोठून बसतं. देवाने राखणीला ठेवलेलंच आपल्यावर उलटलं, हे इंदूबाईंनी मशीनशेजारी पडून पुष्कळदा मनात घोळवलं. देवाला मात्र कधी जाब विचारला नाही. नवरा लोधिवलीकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हाही नाही.

त्यांनी पोथी मिटली आणि पलीकडच्या दारात गेल्या.

"तू कशाला आलीस गं? आजचा दिवस तरी," पुतळाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

इंदूबाई समीक्षाजवळ बसल्या. अंग तव्यासारखं भाजत होतं, दात वाजत होते. पाठीत दुखतंय का विचारल्यावर तिने उजव्या कुशीकडे हात नेला.

"आत्याबाई, ही नुसती उन्हाळी नाय. माझं असंच झालं व्हतं."

"तुझं झालं म्हणून सगळ्यांचं व्हतं काय? बायका येतील आता. त्यांना काय सांगू?"

"थोरलीनं ओटी मोडली म्हणून सांगा. माझं नाव घ्या. तसं बी घेतातच."

पुतळाबाईंनी समीक्षाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांनी धाकट्या मुलाला, राकेशला, हाक मारली आणि रिक्षा दाराशी आणायला सांगितली. समीक्षाला रिक्षात आडवं निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या बसल्या. आणखी कुणाला जागा उरली नाही.

समीक्षाने इंदूबाईंचा पदर धरला. "ताई, तुमी या. डॉक्टरांना तुमीच नीट सांगाल."

"तू व्हय पुढं. मी येते मागनं."

रिक्षा गेली. थोड्या वेळाने नारळ, खण, तांदूळ घेऊन बायका आल्या. इंदूबाईंनी त्यांना सांगितलं, समीक्षाला दवाखान्यात नेलंय, ओटी मीच मोडली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी पुटपुटलं, "तरी म्हटलं."

इंदूबाईंनी दोन्ही दारं ओढून कड्या घातल्या. सुयांनी फुगलेला हात पदराखाली घेतला, आणि बायकांमधून वाट काढत त्या कर्जतची गाडी धरायला नेरळच्या रस्त्याला लागल्या.