जहाजावर अडवलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवट काचेची बाटली आहे. माझी मान जराशी वाकडी आहे. मला घडवताना कारागिराला शिंक आली असणार, असं आमच्या घरच्या आजी म्हणतात. मला ते पटत नाही. पण आजींशी वाद घालून आजवर कुणाच्या पदरात काही पडलेलं नाही. ते तुम्हाला पुढे कळेलच.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, आग, लालभडक लगदा, एक फुंकर, आणि मी. तिथलं फारसं आठवत नाही. मला आठवतं ते आजोबांचं तळघर. आजोबा द्राक्षांची वाइन करायचे. ती मोठ्या माणसांची गोष्ट, तुम्ही तिच्यात पडू नका. तुम्ही फक्त माझी गोष्ट ऐका. दर हंगामात ते मला धुवायचे, भरायचे, बूच ठोकायचे, वर मेण ओतायचे आणि फळीवर आडवं निजवायचे. बाटली आडवी असली की बूच ओलं राहतं आणि घट्ट बसतं. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा आत शिरते आणि सगळं आंबून जातं. त्या घरात बाटली उभी ठेवणाऱ्याला जेवण मिळायचं, पण जेवताना बरंच ऐकून घ्यावं लागायचं.

आजोबांच्या नाकाचा मोठा लौकिक होता. पिंपावर वाकून एक श्वास घेतला की ते म्हणायचे, "अजून थोडी थांबू दे," आणि लोक थांबायचे. मला उचलून ते उजेडात धरायचे, तेव्हा आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायचं.

मग एका हंगामात त्यांना जबर ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. कांद्याचा वास नाही, धुराचा नाही, कशाचाच नाही. त्यांनी आजींशिवाय कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षीची वाइन त्यांनी नुसत्या हाताच्या सवयीवर भरली आणि मेण वाळायच्या आत त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. एके दुपारी ते एकेक बाटली उघडून अंगणातल्या मोरीत ओतू लागले. चाखलीसुद्धा नाही. आजी धावत आल्या तोवर फळीवर मी एकटीच उरले होते. त्यांनी मला उचलून पोटाशी धरलं.

"ही माझी."

"नासली असेल ती."

"असू दे. नासकी माझी."

तेव्हापासून पिंपं रिकामी राहिली आणि मी कपाटात, चादरींच्या घडीत पडून राहिले. माझ्या पोटात काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. काचेला चव कळत नाही. आजोबांना मात्र दोन्हीकडून भीती होती. मी नासले असेन तर ते संपले. मी चांगली असेन तर बाकीची सगळी त्यांनी उगाच ओतली. म्हणून आजींनी मला उघडायला बाहेर काढलं की ते चपला घालायचे आणि "जरा सुताराकडे जाऊन येतो" म्हणायचे. सुताराकडे जायचं तर काहीतरी काम हवं, म्हणून दर खेपेला एक स्टूल करून आणायचे. त्या घरात आता माणसं दोन आणि बसायला जागा शंभर जणांना.

अशात त्यांच्या लेकीने दोघांना समुद्रसफरीची तिकिटं दिली. आजी कपाटापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "इथून हे पळतात. जहाजावरून कुठे पळतील?"

त्या जहाजाचा नियम साधा होता. प्रत्येक मोठ्या माणसाला आपल्या वाइनची एक बंद बाटली आणता येईल, पण ती हातात धरून, चढताना दाखवून. सामानात घातली तर जहाजवाले ती अडवून ठेवणार आणि उतरताना परत देणार. लेकीने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "आई, बाटली हातपिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको."

पण हातपिशवीत मी उभी राहणार होते.

"रांगेत मी उभी राहीन," आजी म्हणाल्या, "ही नाही राहणार." आणि त्यांनी मला आजोबांच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून मोठ्या सुटकेसमध्ये आडवं ठेवलं. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. बंदरावरच्या यंत्राने सुटकेसच्या पोटातली मी बरोबर हेरली.

मला जहाजाच्या तळाशी एका खोलीत नेलं. तिथे जप्त केलेल्या इस्त्र्या होत्या, किटल्या होत्या, बाटल्या होत्या. सगळ्यांना ओळीने उभं केलेलं. खोलीची राखणदार एक तरुण बाई होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून तिला सगळे चावीताई म्हणायचे.

थोड्याच वेळात आजी दारात हजर.

"उभी ठेवलीस होय गं? आधी आडवी कर. मग भांडू."

चावीताईने मला आडवं केलं. "आजी, भांडून उपयोग नाही. उतरताना मिळेल."

"उतरल्यावर हे पळतील. मला इथेच हवी."

"हिच्यावर नाव नाही, छाप नाही. आत काय आहे ते मला कोण सांगणार?"

"ज्याने भरली तो सांगेल."

चावीताई तिच्या साहेबांना विचारून आली. "भरणाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं तर डायनिंग हॉलमध्ये वेटरसमोर उघडता येईल. बूच काढायचे पैसे वेगळे पडतील."

"पैसे देईन गं. माणूस आणणं कठीण आहे."

मित्रांनो, त्यानंतर आजी रोज सकाळी यायच्या. मी आडवी आहे ना ते बघायच्या आणि जायच्या. आजोबांना सांगायच्या, पाय मोकळे करून येते. सफर संपत आली. उद्या बंदर, अशा दिवशी त्या आजोबांचा हात धरूनच आल्या. आजोबांनी मला पाहिलं आणि ते जागीच थबकले.

"यासाठी आणलंस मला?"

"हो."

"मी निघालो."

"निघा की. पुढे डेक आहे. त्याच्या पुढे पाणी."

चावीताईने हसू दाबत विचारलं, "आजोबा, यात काय आहे?"

आजोबांनी माझ्या मेणावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "माहीत नाही. भरली मीच. पण तेव्हा मला वास येत नव्हता. अजूनही येत नाही."

परक्या माणसासमोर त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं. चावीताईचं हसू मावळलं. "मग साहेबांना काय सांगू मी?"

"द्राक्षांची आहे म्हणून सांग," आजी म्हणाल्या. "बरी की वाईट ते विचारायचं तुमच्या नियमात आहे का?"

"नाही."

"मग आण इकडे."

डायनिंग हॉलमध्ये वेटरने मेण फोडलं. बूच ओलं निघालं. आजोबांनी पेल्याला हात लावला नाही.

"तू घे," ते आजींना म्हणाले. "आणि छान म्हणू नकोस."

आजींनी घोट घेतला. तोंडात घोळवला.

"जिभेच्या कडेला काय लागतं?"

"आंबट. असायला हवं त्याहून जास्त."

"घशात जळजळ?"

"नाही. मागून अक्रोडाच्या सालीसारखं काहीतरी राहतं. ते चांगलं आहे."

"नासली नाही?"

"नाही. तुमची सगळ्यात चांगली नव्हे. पण माणसांना द्यायच्या लायकीची आहे."

आजोबांनी टेबलाकडे बघत विचारलं, "म्हणजे बाकीची उगाच ओतली?"

मित्रांनो, इथे आजींना खोटं बोलता आलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "उगाच ओतलीत."

आजोबांनी डोळे पुसले, पेला उचलला आणि एक घोट घेतला. मग एकदम मालकाच्या आवाजात म्हणाले, "आंबट आहे म्हणालीस ना? पिंपात चार दिवस जास्त ठेवायला हवी होती. पुढच्या हंगामात पिंपावर तू वाकायचं. मी विचारीन, तू सांगायचं. चुकलीस तर रागावेन."

"रागवा. पण पळायचं नाही."

तसंच झालं. हंगाम आला तेव्हा नाक आजींचं होतं आणि हात आजोबांचे. दोघं पिंपापाशी इतकी भांडली की सुतार काय झालं ते बघायला आला. त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं. आता मी पुन्हा भरलेली आहे आणि माझ्या शेजारी ओळीने माझ्या नव्या बहिणी आहेत.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमच्या घरात कुणाचे कान गेले असतील, कुणाचे गुडघे, कुणाची नजर. त्यांना चादरींच्या घडीत ठेवल्यासारखं जपू नका आणि उगाच छान छान म्हणून फसवूही नका. त्यांच्या शेजारी उभे राहा, त्यांनी विचारलं तर खरं सांगा, आणि त्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. गेलं असेल तेवढं तुम्ही भरून द्या. उरलेलं ते करतील.