खुशालीचा फोन

"जखमेतून पाणी येतंय का? आजूबाजूला लाल झालंय?" हुस्नाने फोनवर विचारलं.

"न्हाय बाई. बरं हाय की," पलीकडून मायाक्काचा नवरा श्रीमंत म्हणाला. त्याच्या मागे मेंढरांचा कालवा चालला होता.

"मायाक्कांना द्या ना जरा."

"ती घरी, मी रानात. फोन योकच हाय. पर सकाळीच इचारलं तिला. बरं हाय म्हनली."

हुस्नाने 'ठीक' लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात ती नर्स होती. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्यांना महिनाभर फोन करायचे आणि जखम चिघळली नाही ना ते विचारायचं, हे तिचं काम. रुग्णालयाने त्यासाठी वेगळा फोन काही दिला नव्हता, ती आपल्याच मोबाइलवरून करायची. वॉर्डातल्या मुली तिला 'खुशाली सिस्टर' म्हणून चिडवत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. मायाक्का सांगोल्याकडची. गर्भपिशवी काढली होती. वॉर्डात असताना ड्रेसिंग झालं की दर वेळी हुस्नाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून ती स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. इतकी माया हुस्नाला कुठल्या पेशंटने लावली नव्हती.

संध्याकाळी घरी आली तर अम्मी, हुसेनबी, सुजलेला पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून पुण्यातल्या मुलाशी, ताबीशशी, फोनवर बोलत होती. "सब खैरियत है बेटा. पाँव? पाँव कू क्या होना, अच्छा है."

फोन ठेवल्यावर हुस्ना हसली. "अम्मी, इतना झूट?"

"इत्ते दिल से पूछता वो. उसकू क्या सुनाऊँ?"

हुस्नाचं हसू तिथंच थांबलं. मायाक्काचं 'बरं हाय' रात्रभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

सकाळी तिने पुन्हा श्रीमंतला फोन लावला. या वेळी जखमेचं नाव काढलं नाही. "भाऊ, आज भाकरी कुणी केली?"

"म्याच. चार-पाच दीस झालं, म्याच थापतोय. ती म्हनती कंबर भरलीया."

"अंगाला हात लावून बघा. घरी जा आणि बघा."

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "बाई, तव्यावानी तापलीया."

"आजच आणा. मेंढरं कुणाच्याही हवाली करा, पण आजच आणा."

दुपारी जीपमधून मायाक्काला आणलं. लुगड्याखाली तिने जुन्या धडप्याची घडी बांधली होती. ती सोडताच खोलीभर वास सुटला. नवऱ्यालाही तिने जखम दाखवली नव्हती. हुस्ना पू पुसत होती, आणि तिला रागही येत होता, रडूही.

"मायाक्का, का नाही सांगितलं हो? मी इतके फोन केले."

"तुमी लई मन लावून धुतल्याली जखम," मायाक्का कष्टाने म्हणाली. "ती नासली म्हून कुठल्या तोंडानं सांगू? म्याच त्यास्नी म्हनलं, बरं हाय म्हून सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडलं, पण विष रक्तात भिनलं होतं. दोन-तीन दिवसांत मायाक्का गेली.

"फोन वेळच्या वेळी केले होते ना?" डॉक्टरांनी विचारलं. "केले होते," हुस्ना म्हणाली. तिला कुणी बोल लावला नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक पेशंटला आधी घरातल्या भाकरीचं विचारू लागली. जखमेची चौकशी त्यानंतर. एक-दोघी वेळेवर परत आल्या, बऱ्या झाल्या. तरी हुस्नाला जेवण जाईना. सकाळी उठावंसं वाटेना. मग तिने काही दिवसांची रजाच टाकली.

रजेतच एका सकाळी श्रीमंतचा फोन आला. नाव बघताच ती उठून बसली.

"काय झालं भाऊ?"

"काय न्हाय. तुमचा फोन येत न्हाय आता, म्हून म्याच केला." मागे मेंढरं ओरडत होती. "तुमी बऱ्या हायसा न्हवं?"

"बरी आहे," हुस्ना म्हणाली.

"आन आज भाकरी कुनी केली?"

आत ओट्यापाशी, हुस्नाच्या रोजच्या जागी, हुसेनबी सुजल्या पायावर उभी राहून भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज इथवर येत होता.

"अम्मीनं," हुस्ना म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना.

श्रीमंतने फोन ठेवला नाही.