आधी तार तपासतो

“उन्हात दिसेल का हो ह्याच्यावर?” काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

वायरलेसचं सामान विकणारी बाई अजून वैतागली नव्हती. काउंटरवर अँटेना तपासायचे दोन अॅनालायझर मांडलेले होते. मोठ्याला रंगीत पडदा. अँटेना कुठे नीट चालते, कुठे अडते, त्याची अख्खी रेघ तो काढून दाखवायचा. धाकट्यावर नुसता आकडा. एकच्या जवळ आला की अँटेना धडधाकट, तीनच्या वर गेला की काहीतरी बिनसलंय.

“गच्चीवर जाऊन बघणार ना? मग उन्हात पडदा दिसायचा नाही. शिवाय तुमची अँटेना म्हणजे एकच तार, लहरींचा बँडही एकच. धाकटा पुरे.”

“हा खोटं नाही ना बोलत?”

बाईने ड्रॉवरमधून अंगठ्याएवढं टोपण काढून यंत्राला लावलं. “हे लावलं की एक यायलाच हवा. बघा.”

आकडा आला. एक.

काकांनी यंत्र उचललं, ठेवलं, दारापर्यंत गेले, परत आले. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना “घाबरू नका, मी आलोय” असं ओरडून धीर देण्यात त्यांचा हातखंडा. आज मात्र त्यांचाच पाय ठरत नव्हता.

गेली बारा वर्षं रोज सकाळी साडेसातला मास्तर हौशी वायरलेसवाल्यांच्या रेडिओवर काकांशी बोलायला यायचे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, सहाशे किलोमीटर लांब राहणारे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण मास्तरांची गुडघेदुखी काकांना स्वतःच्या गुडघ्यासारखी ठाऊक होती. अकरा दिवस झाले, मास्तर नव्हते. काका पुकारत, कान लावून बसत. जवळपासची मंडळी बोलत; लांबची कधी लागत, कधी नाही. तेवढा आधार धरून काकांनी सगळं खापर गच्चीवरच्या तारेवर फोडलं होतं.

“तुमच्या रेडिओ क्लबच्या यादीत त्यांचा नंबर आहे की,” काकू रोज म्हणत. “लावा ना एकदा फोन.”

“आधी तार तपासतो.”

शेवटी धाकटा घेतला. घरी येऊन पाणीही न पिता काका गच्चीवर गेले. केबल सोडवून यंत्राला जोडताना आटे दोनदा चुकले. बटण दाबलं. एक पूर्णांक दोन. बंद करून पुन्हा लावलं. एक पूर्णांक दोन. केबलचं टोक शर्टाने पुसलं, तार गदागदा हलवली. आकडा ढिम्म.

काकू वर आल्या. “काय निघालं?”

“ठणठणीत आहे,” काका पुटपुटले आणि पाण्याच्या टाकीशी खाली बसले. तार बिघडलेली नाही म्हणून एवढा खचलेला माणूस काकूंनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी फोन पुढे केला. नंबर आधीच काढलेला होता.

फोन मास्तरांच्या मुलीने उचलला.

“मी रेडिओवरचा...”

“आवाजावरून ओळखलं, काका. बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शनिवारी घरी आणलं. पण साडेसात वाजले की बोटाने रेडिओ दाखवतात. तुम्ही हाका मारता ना, ते सगळं ऐकतात. डोळ्यांतून पाणी येतं म्हणून काल मी बंद करायला गेले, तर माझं मनगट धरून ठेवलं.”

“मी आपला रोज एकच विचारतोय, कुठे आहात, कुठे आहात...” काका म्हणाले.

“विचारत राहा, काका,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला काकांनी माइक हातात घेतला. आज पुकारा नव्हता.

“मास्तर, घाई नाही. ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर कुत्रं आणलंय. केवढंसं आहे, पण आमच्या हिने त्याच्याशी उभा दावा मांडलाय. काल जिन्यात दोघं समोरासमोर आली, आणि माघार कुणी घेतली असेल? ओव्हर.”

त्यांनी बटण सोडलं. रेडिओत नुसती खरखर होती. मास्तरांना हसायला, खाकरायला आणि मग सावकाश बोलायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ काका थांबले.

मग त्यांनी बटण दाबलं. “बरोबर ओळखलंत,” ते म्हणाले.