पलीकडच्या काठाचं उत्तर

या हो, जरा पुढे सरकून बसा. एका हाकेची गोष्ट सांगायची आहे, ती मागच्या रांगेत नीट पोचायची नाही.

टोकियोजवळ ग्योतोकुला आमची सुरेखा राहते. पुण्याची, कीर्तनकाराची लेक. नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेली, तेव्हा कुठला कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा इथपासून सगळं तिला शेजारच्या मोरीता आजींनी शिकवलं. आजी एकट्या. दर शरदात सुरेखाला आणि तिच्या केतकीला त्या डोंगरातल्या आपल्या गावी उत्सवाला न्यायच्या. यंदा उन्हाळ्यात आजी गेल्या.

गावची रीत मोठी देखणी. भातकापणी झाली की नदीकाठी पेंढ्यांची होळी पेटवायची आणि तिच्या निखाऱ्यानं बांबूच्या बाणांना बत्ती द्यायची. बाणातली दारू गावकऱ्यांनीच ठासलेली, महिनाभर खपून! पण बाण मुक्यानं उडत नाही. ज्याच्या नावानं सोडायचा, त्याचं नाव घरच्या माणसानं मचाणावरून गाऊन पुकारायचं. पुकारा झाला नाही, तर बाण उतरवून ठेवतात.

यंदा आजींविना मायलेकी दोघीच उत्सवाला गेल्या. आजींच्या नावाचा बाण तयार होता. पुकारायला घरचं कुणी नव्हतं.

"तिच्या हातचं जेवलेलं माणूस घरचंच," होळी राखणारे ओकुदा आजोबा सुरेखाकडे बघून म्हणाले.

केतकी आईची बाही ओढत नेहमीसारखी जपानीतच कुजबुजली. "आई, यामेते! नको ना! तुझं जापनीज ऐकून सगळे हसतील."

"हसू देत. आजींचा बाण उतरवलेला बघवेल का गं मला?"

सुरेखा मचाणावर चढली खरी, पण पाठ केलेली जपानी वाक्यं तिथेच विसरली. मग वडील कीर्तनात नाम घेत, तसा सूर खालून चढवत तिनं नुसतं नाव घेतलं. "मोरीता शिगेऽऽ!" आणि सवयीनं थांबली. बुवा थांबले की श्रोत्यांनी उचलायचं असतं ना!

कुणी उचललं नाही. इथे पुकारा गप्प राहून ऐकायचा असतो. पेंढा तडतडत होता. केतकीनं डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात ओकुदा आजोबा काठी टेकत उठले. "मोरीता शिगेऽऽ!" त्यांच्यामागून दोन म्हाताऱ्या, मग पोरंबाळं, मग अख्खा काठ. त्यात केतकीचाही आवाज होता. बत्ती लागली, बाण सूंऽऽ करत गेला आणि नदीभर केशरी उजेड सांडला.

खाली येऊन सुरेखा वाकवाकून माफी मागू लागली.

"माफी कसली?" आजोबा डोळे पुसत म्हणाले. "फार पूर्वी पुरात पूल वाहून गेला होता. दोन्ही काठांनी होळ्या पेटवल्या. जळता बाण सोडायचा आणि कोण उरलं, कोण गेलं, त्यांची नावं पुकारायची. पलीकडचे नाव परत म्हणायचे, म्हणजे ऐकलं. तिथूनच हा सण. पुढे पलीकडची वस्ती शहरात गेली. चाळीस वर्षांत उत्तर आलं नव्हतं, बाई."

केतकी या वेळी चक्क मराठीत बोलली. "पुढच्या वर्षी मी पुकारणार. तू फार वरच्या पट्टीत जातेस."

तर मंडळी, एवढं करा. घरी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा एकदा मोरीता शिगे हे नाव मोठ्यानं घ्या. पलीकडच्या काठावर हल्ली कुणी नसतं हो.