दोन वाट्यांचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. डोळा एकच, खाली वाटोळा आरसा आणि रंग उडालेल्या दोन पितळी खुंट्या. आजकालच्या सूक्ष्मदर्शकांच्या पोटात दिवा असतो, मला मात्र उजेड खिडकीकडून मागून घ्यावा लागतो. तरी माझी काच अजून स्वच्छ आहे आणि जन्मात मी एकदाही खोटं दाखवलेलं नाही. ही बढाई नाही. माझं दुःख तिथूनच सुरू होतं, म्हणून सांगतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिराने माझी भिंगं बोटांनी घासून घासून बसवली. मग गवत भरलेल्या लाकडी पेटीतून मी निगडीच्या एका महाविद्यालयात आलो. तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. कांद्याचे पापुद्रे, डबक्यातलं पाणी, गालाच्या आतली खरवड, सगळं मी दाखवलं. एक पठ्ठ्या तर स्वतःच्याच पापणीचा केस बघून "मॅडम, अळी, अळी!" म्हणून ओरडला होता. त्या दिवशी अख्खा वर्ग हसला. मलाही हसता आलं असतं तर हसलो असतो.

त्या मॅडम म्हणजे विजयश्री मॅडम. त्या जीवशास्त्र शिकवत आणि दर जुलैत बेडकाची ताजी अंडी माझ्याखाली ठेवत. पुस्तकात अवघड शब्द होते. मॅडम म्हणत, "ते परीक्षेपुरते. आपण त्याला निरोप म्हणू." अंड्यातल्या प्रत्येक पेशीकडे सगळ्या देहाचा एकच ग्रंथ असतो, असं त्या सांगत. पहिले काही तास पेशी आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतात. मग स्वतःचा ग्रंथ उघडतात. पण कुठल्या पेशीने कुठलं पान उघडायचं? ते शेजारणीच्या निरोपावर ठरतं. तू पाठ हो, तू पोट हो, तू डोळा हो. प्रत्येक पेशीत एक पहारेकरी बसलेला असतो आणि 'पाठ हो' हा निरोप तो फाडून टाकतो. एकाच बाजूला त्याला आवरलेलं असतं, म्हणून पाठ एकाच बाजूला होते.

एका वर्षी मॅडमनी काही अंड्यांना लिथियम नावाच्या धातूचं मीठ थोडा वेळ दिलं. त्या मिठाने सगळीकडचे पहारेकरी गपगार झाले. 'पाठ हो, डोकं हो' हा निरोप प्रत्येक पेशीला पोचला आणि पिल्लांची नुसती डोकी झाली. धड नाही, शेपूट नाही, डोळ्यांच्या जागी डोक्याभोवती काळं कडं. ते चित्र मी विसरलो नाही. मॅडम तेव्हा मुलांना म्हणाल्या होत्या, "वेळ बघा. हेच मीठ नंतर दिलं असतं तर असं झालं नसतं. घर बांधताना पाया एकदाच घालतात."

पुढे दिवेवाले सूक्ष्मदर्शक आले. माझ्या पाठीवर 'निर्लेखित', म्हणजे हिशेबातून काढून टाकलेला, असा कागद चिकटला आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो. सहा वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. धुळीपेक्षा त्या कागदाचा मला जास्त राग यायचा.

मला तिथून आम्रपालीने काढलं. दुसऱ्या वर्षाची मुलगी, थेरगावात डांगे चौकाजवळ राहणारी. जुलैत लागोपाठ चार दिवस सुट्ट्या होत्या आणि तिला बेडकाच्या अंड्यांवर प्रकल्प करायचा होता. नवे सूक्ष्मदर्शक घरी मिळेनात. मॅडम म्हणाल्या, "हा ने. म्हातारा आहे, पण खोटं बोलत नाही." इतक्या वर्षांनी माझं कुणी कौतुक केलं, मित्रांनो. मी बसमध्ये तिच्या मांडीवर अगदी ताठ बसलो होतो.

घर दोन खोल्यांचं. वडील ज्ञानदेव चाकणजवळच्या एका शेडमध्ये कामाला. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून आतला माल वेगळा करत. भाऊ धम्मपाल कंपनीत शिफ्टला. दिवसभर घरात असायची ती वहिनी मिनल. तिला दुसरा महिना होता आणि लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यामुळे सगळं घर तिला फुलासारखं जपत होतं. तिला बादलीसुद्धा कुणी उचलू देत नसे.

पाणी दिवसाआड येई. म्हणून त्याच आठवड्यात ज्ञानदेव शेडमधून एक रिकामा पांढरा कॅन घेऊन आले होते. जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, पोकळ हँडलचा. मला ओट्यावर त्या कॅनच्या शेजारीच ठेवलं.

"लय भारी कॅन हाय," ज्ञानदेव म्हणाले. "चिठ्ठी-बिठ्ठी सगळी खरवडून काढली. दोनदा विसळला. आता पोरीला पाण्याची वणवण न्हाई."

मिनलने ग्लासभर पाणी पिऊन तोंड वाकडं केलं. "पप्पा, पाणी खारट लागतंय हो."

त्यांनीही घोट घेतला. पण तंबाखूच्या तोंडाला काय कळणार? "मला तर न्हाई लागत. अगं, डोहाळं हायत ते. तुझ्या सासूला आमच्या धम्मपालच्या वेळी चहा कडू लागायचा."

सगळे हसले. मिनलही हसली आणि तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. माझ्या जागेवरून मला हँडलच्या पोकळीच्या तोंडाशी साचलेला पांढरा थर दिसत होता. पण मला डोळा आहे, तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्रपाली पुनावळ्याला गेली. तिथे एका इमारतीसाठी खणलेल्या पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि पिवळेधमक बेडूक ओरडत होते. अंडी नुकतीच घातलेली. ती घरी आणून तिने दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत खड्ड्याचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून, दुसरीत तितकंच नितळ कॅनमधलं पिण्याचं. प्रत्येक वाटीखाली तिने एक चिठ्ठी सरकवली. तिचा अंदाज साधा होता: घाण पाण्यातली पिल्लं बिघडतील, चांगल्या पाण्यातली नीट वाढतील.

अंड्यांतून आरपार उजेड जात नाही, म्हणून ती मोबाइलचा उजेड वरून धरायची. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मिनलही पोळ्या टाकून बघायला यायची. "अगं बाई, सगळं कसं आपलं आपण करतात!" ती म्हणायची आणि नकळत हात पोटावर ठेवायची. ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते.

तिसऱ्या दिवशी आम्रपालीने पहिली वाटी माझ्याखाली धरली. खड्ड्याचं पाणी. आत इवलीशी, वाकलेली, शेपटीवाली पिल्लं वळवळत होती, अगदी नीटस. मग दुसरी वाटी. आत नुसती डोकी होती. डोळ्यांच्या जागी काळं कडं.

हे चित्र मी ओळखत होतो. पोरी, कॅन बघ! मी किती आकांत केला, पण खुंटीसुद्धा हलली नाही.

आम्रपाली गोंधळली. वाटीखालच्या चिठ्ठीवर 'घरचं पाणी' लिहिलेलं होतं. तिने पुन्हा पाहिलं, कॅनकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "ओटा पुसताना वाट्यांची अदलाबदल झाली वाटतं. घरच्या पाण्यात असं कसं होईल?"

आणि तिने चिठ्ठ्या बदलल्या.

तिला दोष द्यायला माझं मन धजत नाही. घरचं पाणी म्हणजे घरचं पाणी. शेडमध्ये बॅटऱ्या फोडतात हे तिला ठाऊक होतं, पण बापाने प्रेमाने आणलेल्या कॅनवर संशय कोण घेणार?

तिने मॅडमना फोटो पाठवले. मॅडमचा लगेच फोन आला. आवाज ओट्यापर्यंत येत होता. "अगं, हा लिथियमचा परिणाम दिसतोय! खड्ड्यात कुणीतरी कंपनीचं पाणी सोडलंय. शाबास, फार मोलाचं निरीक्षण आहे." प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडमनी जागेच्या मालकाला पत्र लिहिलं आणि त्याने कटकट नको म्हणून दोन दिवसांत खड्डा मुरमाने भरून टाकला. आतली ती सगळी नीटस पिल्लं, शेपट्यांसकट, मुरमाखाली गेली. त्या भागात ते एकच स्वच्छ डबकं होतं.

कॅन ओट्यावरच राहिला. पंधरा दिवसांत पाण्याचा खारटपणा गेला. "बघ, गेलं न्हवं डोहाळं," ज्ञानदेव म्हणाले. पण पाया घालायचे दिवस तेच होते.

निर्लेखित वस्तू परत कशाला आणतेस, असं महाविद्यालयाने विचारलं. मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आम्रपालीने कपाटावर ठेवलं. तिथून मी फक्त ऐकत होतो. पाचव्या महिन्यातल्या तपासणीनंतर घरात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं. बाळाच्या हृदयाची घडण चुकली होती. फेब्रुवारीत मुलगी झाली. नऊ दिवस जगली. पाळण्याची दोरी सोडल्याचा आवाज मी ऐकला आणि नंतर बरेच दिवस काहीच ऐकलं नाही.

मार्चमध्ये पाणी आणखी कमी झालं. ज्ञानदेवांनी शेडमधून दुसरा कॅन आणला. या वेळी चिठ्ठी खरवडायची राहून गेली होती. आम्रपालीने तिच्यावरचा शब्द वाचला: लिथियम.

"पप्पा, पहिल्या कॅनमध्येपण हेच होतं?"

"व्हय. मीठच की ते. खायच्या मिठागत पांढरं असतंय. का गं?"

तिने मला खाली काढलं. अभ्रा सोडला, काच पुसली. जुलैतली ती डोकी तिने औषधाच्या बाटलीत स्पिरिट घालून जपून ठेवली होती. ती माझ्याखाली ठेवून तिने वही उघडली. बदललेल्या चिठ्ठ्यांची नोंद तिने खोडली. मग तिने बापाला सगळं सांगितलं. "मी तिच्यासाठीच आणला व्हता गं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्या मिठामुळेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही. त्याने कुणाचंच ओझं कमी झालं नाही. उलट आता ते कुठे ठेवावं, हेही कळेना.

मिनलने दारातून सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि माझ्यासमोर बसली.

"आम्रपाली, ही कुठल्या वाटीतली गं?"

"घरच्या पाण्याची, वहिनी. मीच चिठ्ठ्या बदलल्या."

"मी म्हणाले होते, पाणी खारट लागतंय," मिनल म्हणाली. मग तिने वाकून माझ्या भिंगाला डोळा लावला. तिला मी तेच दाखवलं, जे आठ महिन्यांपूर्वी आम्रपालीला दाखवलं होतं. मला दुसरं काही येत नाही.

मित्रांनो, मॅडमच्या तोंडी निरोप म्हणजे कळवलेली गोष्ट. पण निरोप आपण जाणाऱ्या माणसालाही देतो. त्या घरात पहिला निरोप दोनदा आला, एकदा वाटीतून, एकदा मिनलच्या तोंडून. तो कुणी घेतला नाही, म्हणून त्या नऊ दिवसांच्या पोरीला दुसरा द्यावा लागला.

माझी काच मऊ कापडाने पुसत जा, मला उजेडाच्या बाजूला ठेवा, एवढंच खरं तर मी मागायला हवं. पण मी दाखवलेलं तुम्हाला पटलं नाही, तर चिठ्ठी बदलण्याआधी पुन्हा एकदा बघा. आणि घरात कुणी म्हणालं, पाणी खारट लागतंय, तर आधी भांडं बघा. मग तिच्या जिभेला नावं ठेवा.